सतरा, उणे नऊ

पाणीखात्यात एकतीस वर्षं काढली मी.
काळाघोडा पुलाखालची पट्टी वाचायची,
रजिस्टरात भरायची:
चौदा फूट, साडेचौदा, एकोणीस.
सव्वीसवर लाल रेघ.
ती सरकारनं मारलेली, नदीनं नव्हे,
पण निदान मारलेली तरी.

म्हणून पोरं मलाच विचारतात,
"सुर्वेकाका, वाचायला किती गुण लागतात?"

दहा संघ, अठरा सामने, तळाचे दोघे 'ब' गटात.
वहीत मागची सगळी वर्षं आहेत माझ्या.
एका साली सोळावर भागलं.
पुढच्याच साली एकोणीस असून
वाडीचा संघ गेला, गोलफरकानं,
आणि त्यांच्या गोलकीपरनं हातमोजे
पुलावरून विश्वामित्रीत भिरकावले.
मगरीनं तोंड लावलं, सोडून दिले.
एकदा एकवीस लागले. एकदा चौदा.
सरासरी साडेसतरा येते,
आणि अर्धा गुण कुणी देत नाही.

खरं उत्तर एका ओळीचं:
नवव्यापेक्षा एक जास्त.
पण तो नववा त्या घडीला
दुसऱ्याच मैदानावर धावत असतो
आणि त्यालाही कुणीतरी
हेच सांगून पाठवलेलं असतं.

शेवटच्या रविवारी आम्ही सतरा, उणे नऊ.
मकरपुरा सतरा, उणे सहा.
त्यांचा डावा बॅक विश्वजित, माझ्या बहिणीचा.
सकाळीच येऊन पंप मागून नेला,
"मामा, आमच्याची नळी फाटलीय."
दिला. हवेत कसलं आलंय वैर.

चारला दोन्हीकडे शिट्टी.
मध्यंतराला आम्ही एकानं मागे,
तिकडे मकरपुरा एकानं पुढे.
मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी
कुणी चोखल्या, कुणी नुसत्या हातात धरल्या.
विल्सन गोलपोस्टला पाठ लावून बसला होता,
जसं काही ते घरचंच दार.
मी गणित सांगायला उभा राहिलो
आणि बसलो.

त्रेसष्टाव्या मिनिटाला इम्तियाजच्या गुडघ्याला लागून
एक-एक.
गुडघ्याला, हो. नंतर तो म्हणाला, ठरवून.
ऐंशीला गजेंद्रभाईचा फोन, मकरपुऱ्यावरून:
तिथेही एक-एक.
म्हणजे दोघे अठरा, आणि त्यांचे उणे आमच्याहून कमी.
आम्ही बुडालेलो,
आणि मैदानावरच्या अकरांना ते ठाऊक नाही.
सांगू की नको?
धावणाऱ्या माणसाला पातळी सांगतात का?

मग चेंडू कुंपणापलीकडे गटारात गेला.
पोरगा काठीनं काढत होता,
निघता निघेना.
बावीस माणसं कमरेवर हात ठेवून उभी.
तेवढ्यात फोन थरथरला,
"काका, बची गया! दोन-एक! एमनोज सेल्फ गोल!"

आम्ही वाचलो तेव्हा चेंडू खेळात नव्हता.
कुणी उडी मारली नाही.
गटारातून निघाला, शर्टाला पुसला, थ्रो झाला,
आणि उरलेली सहा मिनिटं
मी सोडून सगळे जिवाच्या आकांतानं खेळले.

दिवेलागणीला विश्वजित पंप घेऊन आला.
नडगीवर चेंडूच्या शिवणीचा लाल वळ,
तेव्हा कळलं, कुणाच्या पायाला लागून गेला ते.
बहिणीचा फोन आधीच येऊन गेला होता:
काही विचारू नकोस त्याला.
चहा दिला. विचारलं नाही.

त्यानंच वही ओढली.
"म्हणजे यंदा अठरा लागले."
"यंदा अठरा."
तो बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिला,
जिन्याच्या पायऱ्या मोजल्यासारखा,
खाली येतानाच्या.
"आणि मामा, 'ब'मधून वर यायला किती?"

पान उलटलं. पुढचं कोरं.
एकतीस वर्षं पट्टी वाचली मी,
पाणी उतरायला लागलं की
रजिस्टर मिटून घरी जायचो.

"पंपाची सुई कुठाय?" मी म्हटलं.
खिसे चाचपले त्यानं.
"उद्या बघतो मैदानावर."
"बघ. सापडली की बसू."